डेडस्टॉक नंबर एक्केचाळीसची झोप

"हात लावू नको म्हनलं होतं का नाई तुले?"

"म्हनलं होतं."

"मंग काऊन लावला?"

"तोच म्हने अपडेट करू का. मी हो म्हनलं."

"तो म्हने! शाळेत जाय म्हनून मी वर्षभरापासून बोंबलून राह्यलो, ते तुले आयकू येत नाई. लॅपटॉप एक डाव म्हने, तं लगेच आयकू आलं!"

रविवारचे अकरा वाजले होते अन् सुलतानपुरातल्या सरकटे गुरुजींच्या घरातला हा आवाज पार बस थांब्यापर्यंत जाऊन राह्यला होता. वरडनारे भगवानराव सरकटे म्हंजे जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक. ज्याच्यावर वरडत होते तो त्याईचा एकुलता एक पोरगा प्रेम, वय सतरा. त्यानं अकरावीत केमिस्ट्रीच्या सरांशी भांडून दप्तर जे खाली ठेवलं, ते पुन्हा उचललंच नाई. डॉक्टरच्या घरात कोनाले खोकला झाला तं लोकं समजून घेतात. मुख्याध्यापकाच्या घरात पोरगा शाळा सोडून बसला तं लोकं मुद्दाम चहाले येतात.

आता ह्या लॅपटॉपची वळख सांगा लागन. लॅपटॉप घरचा नव्हता, शाळेचा होता. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात, म्हंजे न संपनाऱ्या सामानाच्या वहीत, त्याचा नंबर एक्केचाळीस. चाळीस नंबरले 'हार्मोनियम, भाता फाटका' अन् बेचाळीसले 'पृथ्वीगोल, अक्ष वाकडा'. आता पृथ्वीचा अक्ष वाकडाच असते, पन आधीच्या कोन्या गुरुजींनी तो दोष म्हनून लिवून ठेवला होता, अन् भगवानराव दर वर्षी इमानदारीनं तोच दोष पुढं उतरवत. अशा वहीत ज्याचं नाव हाय तो झोपला तं त्यात त्याचा काय कसूर, असं प्रेमचं मत होतं. ते त्यानं बोलून दाखवलं अन् आनखी पाच मिनिटं बोलनी खाल्ली.

शाळेत रेंज नाई म्हनून भगवानराव लॅपटॉप घरी आनत. शाळेची एकूण माहिती, बेचाळीस रकान्यांचं एक पान, आज पाच वाजेच्या आत सरकारी साइटवर जाऊन पडाले पायजे होती. भगवानराव सकाळी आठले बसले. वर्गखोल्या भरल्या, संडास भरले, पानी पेवाच्या टाक्या भरल्या. अन् सतराव्या रकान्याजवय आले का स्क्रीन काया ठिक्कर. बटन दाबलं का जागा व्हायचा, पासवर्ड मांगायचा, अन् साइट म्हनायची, 'आपले सत्र समाप्त झाले आहे.'

"सत्र समाप्त कसं होईन?" भगवानराव टेबलावर हात आपटून म्हनले. "सत्र एप्रिलात समाप्त होते!"

पुन्हा पैलेपासून. वर्गखोल्या, संडास, टाक्या, सतरावा रकाना, काया स्क्रीन. अकरा वाजेपर्यंत गुरुजींनी तेच संडास सात डाव भरले होते.

अन् हे सगळं शनिवारच्या अपडेटपासून. शनिवारी भगवानराव मीटिंगसाठी लोणारले गेले होते, तवा घरी प्रेमनं ते 'हो' म्हनलं होतं. त्यामुळे गुन्हेगार कोन हे ठरवाले पंचनाम्याची गरज पडली नाई.

पन प्रेमची अडचन येगळीच होती. लोणारले नजीरभाईचं मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. प्रेम गेल्या उन्हाळ्यात तिथं जाऊन जाऊन बसायचा. नजीरभाईनं त्याचा हात पाह्यला, नजर पाह्यली अन् शब्द देला: "इतवारको छे बजेके अंदर आ जा, तेरी कुर्सी पक्की. नाई आला तं सोमवारपासून दुसरा पोट्टा बसन." अन् हाच तो इतवार. प्रेमनं बाबाले हे सांगतलं होतं. बाबानं उत्तर म्हनून टेबलावर सतरा नंबरचा फॉर्म ठेवला होता, म्हंजे शाळेत न जाता बाहेरून बारावीले बसाचा फॉर्म.

भांडन तापत तापत शेवटी इथं येऊन थांबलं:

"लय मोठा मेकॅनिक हायस ना तू?" भगवानराव म्हनले. "मंग हा जागा करून दाखव. पाचच्या आत माझं पान गेलं पायजे. गेलं, तं जाय लोणारले. नाई गेलं, तं बस इथं अन् भर सतरा नंबर."

"लिवून द्या," प्रेम म्हने.

"बापाजवय लिवून मांगतं बे?"

"तुमीच शिकवलं, सगळं लेखी पायजे म्हनून."

सैपाकघरातून प्रेमची माय पुष्पांजलीबाई हसल्याचा आवाज आला. तिनं तो खोकल्यात लपवला.

प्रेमनं लॅपटॉप मांडीवर घेतला. सेटिंगमध्ये गेला. झोप कवा, तं 'कधीच नाही' असं करून टाकलं. दहा मिनिटं बसला, लॅपटॉप टक्क जागा. पंधरा मिनिटं बसला, तरी जागा. "घ्या," म्हने. भगवानराव बसले. वर्गखोल्या, संडास, टाक्या. काया स्क्रीन.

"तू बसला का जागा राह्यते, मी बसलो का झोपते?"

"आता त्याले तुमी शिकवता असं वाटत असन," प्रेम बोलून गेला.

हे बोलाले नव्हतं पायजे. पन प्रेमच्या तोंडाले झाकन नव्हतं, अन् त्याच्या सगळ्या आयुष्याची घडी तिथंच इस्कटली होती.

इतक्यात शेजारच्या विमलबाई आल्या. वरडनं आयकू आलं म्हनून नाई, तं विरजन मांगाले. वाटी मातर आनली नव्हती.

"गुरुजी, नजर लागली त्याले," त्या म्हनल्या. "लिंबू फिरवा."

"विमलबाई, मी मुख्याध्यापक हाय," भगवानराव म्हनले. "मागच्याच महिन्यात मी शाळेत वैज्ञानिक दृष्टिकोनावर पाऊन घंटा भाषन देलं."

"हाव, माहा नातू सांगे. झोपला होता म्हने तो." विमलबाईंनी दिवानावर बसकन मारली. "पाहू द्या बरं मले." अन् त्याईनं लॅपटॉपवर असा हात ठेवला जसा लेकराच्या पाठीवर ठेवतात. लॅपटॉप गपकन झोपला.

"पाहा!" विमलबाईले आनंद झाला. "माह्या हातालेच गुन हाय. आमचे सगळे नातू असेच झोपतात."

भगवानरावांनी कपायाले हात लावला, अन् लगेच मनगटातलं नवं कडं चाचपलं. बीपीसाठी होतं ते. शनिवारी लोणारले मीटिंगच्या बाहेर एक जन चादर टाकून इकत बसला होता. काया मन्यांचं, जड. "मारुती जिथं निजेल हाय, तिथल्या दगडाचं हाय गुरुजी, रक्त थंड ठेवते," असं तो म्हने. लोणारचा मोठा मारुती आडवा निजेल हाय हे सगळ्याईले माहीत, म्हनून कोनी जास्त इचारलं नाई. भगवानरावांनी घेतलं, अन् शेजारधर्म म्हनून विमलबाईले एक अन् ज्ञानेश्वरले एक आनलं. पुष्पांजलीबाईसाठीबी आनत होते, पन तिनं फोनवरच सांगतलं होतं, "मले नोको. भांडे घासाले आडवं येते."

नाव निघालं तसा ज्ञानेश्वरबी हजर झाला. ज्ञानेश्वर म्हंजे गल्लीतला कंप्युटरचा जानकार. त्यानं दोन हजार सातले कंप्युटरचा सरकारी कोर्स केला होता, अन् त्याचं सर्टिफिकेट लॅमिनेशन करून देवघरात, गनपती अन् लक्ष्मीच्या मधात लावलं होतं. उदबत्ती फिरली का त्यालेबी फिरायची.

"सरका," ज्ञानेश्वर म्हनला अन् बोटं मोडली. "पैले रिफ्रेश." त्यानं रिफ्रेश केलं. पुन्हा केलं. चौदा डाव केलं. पंधराव्याले हात टेकवून दम घेतला अन् लॅपटॉप झोपला.

"रॅम गरम झाली," त्यानं निदान केलं. "हवा पायजे याले."

"रॅमचा काय संबंध काका?" प्रेम म्हने. "पंखा तं फिरून राह्यला, हात लावून पाहा, थंडगार हाय."

"तू किती शिकला बे?"

सुलतानपुरात कोनतंबी भांडन याच प्रश्नावर संपायचं अन् प्रेमच हारायचा. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो उठला, कोपऱ्यातला मोठा कूलर वढत आनला, लॅपटॉपसमोर लावला अन् रागारागानं बटन पाचवर टाकलं.

तो राग महागात पडला. कूलरनं आधी फुर्रकन पानी फेकलं, ते ज्ञानेश्वरच्या चष्म्यावर गेलं. मंग हवा सुटली, अन् टेबलावर ठेवलेले शाळेच्या सर्वेक्षनाचे कागद जे उडाले ते खिडकीतून थेट विमलबाईच्या अंगनात. तिथं विमलबाईची शेळी बांधेल होती. सगळे धावले. सव्वीस कागद सापडले. सत्ताविसावा शेळीच्या तोंडातून अर्धा काढला.

"तिसरीच्या पोरींचं वजन गेलं," भगवानराव त्या अर्ध्या कागदाकडे पाहून मोठ्या दुःखानं म्हनले.

"शेळीचं वाढलं असन," प्रेम पुटपुटला.

विमलबाईंनी तोंडाले पदर लावला. भगवानरावांनी ते आयकून न आयकल्यासारखं केलं, टाचण्यांची डबी काढली अन् एकेक कागद टाचत बसले. एक वाजला होता.

मंग मदत केंद्राले फोन लावला. वीस मिनिटं सनई वाजली. मंग एक बाई हिंदीतून म्हनली का आपका लॅपटॉप किस स्थिति में सोता है? भगवानराव म्हनले, "बैठे बैठे." बाई म्हनली, पीछे का नंबर पढ़िए. लॅपटॉप उलटा केला. तिथं नंबरावर शाळेनं पांढऱ्या रंगानं 'डे.स्टॉ. ४१' असं लिवलेलं. बाई म्हनली, ये नंबर हमारे यहाँ नहीं है. भगवानराव म्हनले, हमारे यहाँ है. असं थोडा वेळ चाललं अन् रविवार असल्यामुळं सत्र समाप्त झालं.

"मी खोलून पाह्यतो," प्रेमनं स्क्रूड्रायव्हर काढला.

"खबरदार! शासकीय मालमत्ता हाय. खोलाची असन तं गट शिक्षण कार्यालयाची परवानगी लागते. अर्ज, मंग जावक क्रमांक, मंग समिती."

"समिती येईपर्यंत हा कोमात जाईन."

"जाऊ दे. परवानगीनं जाईन."

तवा पुष्पांजलीबाई हात पुसत बाहेर आली. ती उंद्रीची, शेतकऱ्याच्या घरची. "आमच्या उंद्रीले," ती म्हनली, "डुकरं पीक खातात म्हनून वावरात जागल करतात. एक जन बसून राह्यते, डबा वाजवत. तशी याची जागल करू. मी बसते बाजूले, उंदीर हालवत. तुमी लिवा."

उंदीर म्हंजे माऊस. सगळ्याईले पटलं. पुष्पांजलीबाई एका हातानं लसून सोलत अन् दुसऱ्या हातानं माऊस हालवत बसली. माऊसले लसनाचा वास आला, पन लॅपटॉप अर्धा घंटा टक्क जागा राह्यला. सगळ्याईचा जीव भांड्यात पडला. मंग भगवानराव बसले. माऊस हालत होता, वर्गखोल्या झाल्या, संडास झाले, टाक्या झाल्या.

काया स्क्रीन.

"मी तं जागीच होती बाई!" पुष्पांजलीबाई घाबरून म्हनली.

आता मातर सगळे प्रेमकडे पाहू लागले. ज्ञानेश्वरनं चष्मा पुसला. "गुरुजी, हिशेब साफ हाय. तुमी बसले का झोपते, मी बसलो का झोपते, विमलबाईनं हात लावला का झोपते. ह्यो बसला का जागा. ह्याची माय बसली का जागा. पोट्ट्यानं आतमध्ये काहीतरी घुसवून ठेवलं. म्हंजे बिघाडबी आपल्याच हातचा, दुरुस्तीबी आपल्याच हातची, अन् मंग लोणारले जायाले मोकया."

"तोंड सांभाळा काका!"

"प्रेम!" भगवानराव वरडले.

"मंग मी टाइप करतो ना! मी बसलो का जागा राह्यते, तं द्या माझ्याजवय, पाच मिनिटात पान पाठवतो!"

"शासकीय माहिती हाय ती. ती मीच भरन." अन् भगवानराव अडखळले. "त्यात काई... ते मीच भरन."

प्रेम ताडकन उठून मांगच्या अंगनात गेला अन् नजीरभाईले फोन लावला. सगळं सांगतलं, अर्धं शिव्यांमध्ये. नजीरभाईनं शांतपनं आयकलं. मांगं दुकानात कोनता तरी रिंगटोन वाजत होता.

"अरे बेटा, तू मशीन देखके बैठा. मशीन बादमें, पैले आदमी देख. कोन बसल्यावर झोपते, तो काय करते, हात कुठी ठेवते. समजा क्या? अन् छे बजे मै शटर नै गिराऊँगा, मगर दूसरे लडके को फोन जरूर करूँगा."

प्रेम परत आला तवा साडेतीन झाले होते. या डाव तो मशीनकडे गेलाच नाई. दाराले टेकून पाहत राह्यला.

त्याले दोन गोष्टी दिसल्या. पैली ही का बाबा सतराव्या रकान्यावर येऊन थांबत होते. आधीच्या सोळा रकान्यात हात हवेतच, टकटक टकटक. सतराव्याजवय आले का थांबायचे, डावा हात लॅपटॉपवर टेकवायचे अन् इचार करायचे. रकान्यात लिवेल होतं: 'परिसरातील शाळाबाह्य मुलांची संख्या, वय ६ ते १८.'

म्हंजे बाबा सकाळपासून तिथंच अडून बसले होते. शून्य लिवलं तं खोटं होते. एक लिवलं तं तो एक कोन हे साऱ्या गावाले माहीत.

अन् दुसरी गोष्ट. बाबाच्या डाव्या मनगटाले, त्या काया कड्याले, टाचण्या लटकल्या होत्या. चार टाचण्या, नवरदेवाच्या मुंडावळ्यासारख्या.

प्रेमनं ज्ञानेश्वरचा हात पाह्यला. कडं. विमलबाईचा पाह्यला. कडं. आईचा पाह्यला. हिरव्या काचाच्या बांगड्या अन् लसनाची सालटं. मंग त्याले नजीरभाईच्या दुकानातले ते झाकनवाले मोबाईल कव्हर आठवले. झाकनात बारीक लोहचुंबक असते, झाकन लागलं का मोबाईलले कयते, मालक झोपला, आपनबी झोपा. लॅपटॉपचंबी तसंच.

त्याले हसू इतकं आलं का पोट दुखलं. अन् तोंड उघडलंबी, कारन ज्ञानेश्वर समोरच बसला होता, अन् त्याले आयकवाची अशी संधी पुन्हा येनार नव्हती. पन बाबा त्या रकान्याकडे पाहून राह्यले होते. प्रेमनं तोंड मिटलं. सतरा वर्षांत पैल्यांदा.

"बाबा, जरा मोरीकडे या."

भगवानराव आले. पोरगा कबुली देते असं त्याईले वाटलं असन, कारन चेहरा एकदम मास्तरचा केला होता. प्रेमनं त्याईचा हात धरला अन् टाचण्या दाखवल्या.

"हे झाकन हाय, बाबा. तुमी हात टेकवला का त्याले वाटते झाकन लावलं, म्हनून तो झोपते. अपडेटचा काई संबंध नाई. दगडाचं म्हने, पन आत चांगलं जबर लोहचुंबक हाय."

भगवानरावांनी एक टाचणी उपटून काढली अन् सोडली, तं ती पुन्हा कड्याले जाऊन चिकटली.

"चुंबकीय क्षेत्र," ते बारीक आवाजात म्हनले, "हे विज्ञानच हाय."

"हाव ना, विज्ञानच हाय. म्हनूनच तं झोपते."

भगवानरावांनी कडं काढलं. मनगटावर घामाचा पट्टा उमटला होता. कडं खिशात घातलं. "बाहेर बोलला का कोनाजवय?"

"नाई."

"काऊन?" त्याईले खरंच नवल वाटलं.

प्रेमनं खांदे उडवले. "अन् सतराव्यात एक लिवा," तो दुसरीकडे पाहत म्हने. "नाव थोडंच इचारते ते."

भगवानराव आत गेले, लॅपटॉपसमोर बसले. वर्गखोल्या, संडास, टाक्या. सतरावा रकाना आला. त्याईनं हात टेकवला, अन् लॅपटॉप जागा राह्यला. मंग एक बोट उचललं अन् दाबलं. पुढचे पंचवीस रकाने एका दमात भरले. चार वाजून बत्तीस मिनिटांनी स्क्रीनवर हिरव्या अक्षरात आलं का आपली माहिती यशस्वीरीत्या सादर झाली आहे.

"रिफ्रेश!" ज्ञानेश्वर उठून उभा राह्यला. "मी म्हनलो होतो ना, रिफ्रेशचा असर उशिरानं होते!"

"मी मनातल्या मनात लिंबू फिरवलं होतं," विमलबाई म्हनल्या.

प्रेमच्या नाकपुड्या फुगल्या. पन आता घोळ असा होता का आपोआप झालं म्हनलं तं त्यानं पैज जिंकली नाई, अन् त्यानं केलं म्हनलं तं कसं केलं ते सांगा लागते, अन् सांगतलं तं गुरुजीच्या पाऊन घंट्याच्या भाषनाचं काय होते ते सांगाले नोको. त्यानं बाबाकडे पाह्यलं. बाबानं कपाटातून डेडस्टॉक रजिस्टर काढलं.

त्याईनं पट्टीनं रेघ मारली, चष्मा नाकावर ढकलला, अन् त्या वळनदार अक्षरात, ज्यात आजपर्यंत फक्त फाटके भाते अन् वाकडे अक्ष उतरले होते, लिवू लागले. लिवता लिवता मोठ्यानं वाचू लागले, साऱ्याईले आयकू जाईन असं:

"अनुक्रमांक एक्केचाळीस. बिघाडाचा प्रकार: अवेळी झोप. कारण: बाह्य. दुरुस्ती करणाऱ्याचे नाव..." इथं ते थांबले. सतराव्या रकान्याजवय थांबायचे तसे नाई, येगळे. "श्री. प्रेम भगवानराव सरकटे. सही कर."

प्रेमले आधी समजलं नाई कोनाले म्हनले. श्री. त्यानं शेवटची सही शाळा सोडल्याच्या अर्जावर केली होती, तवा पेन कागदातून आरपार गेला होता. या डाव हयूच केली.

"बाह्य म्हंजे?" ज्ञानेश्वरनं इचारलं.

"बाह्य म्हंजे बाहेरचं," मुख्याध्यापक म्हनले, अन् तो इषय तिथं बंद झाला.

पुष्पांजलीबाईनं डबा बांधून ठेवलाच होता. कवा बांधला देव जाने, बहुतेक सकाळीच. प्रेमनं पिशवी खांद्यावर टाकली. भगवानराव दारापर्यंत आले, इकडं तिकडं पाह्यलं, अन् खिशातलं कडं त्याच्या हातात कोंबलं.

"लोणारले चाललाच हायस, तं ज्याचं हाय त्याच्या चादरीवर नेऊन ठेव. शासकीय काम समज." अन् सतरा नंबरचा फॉर्म घडी घालून पिशवीत सरकवला. "हा राहू दे. भर असं म्हनत नाई मी. जागा हाय पिशवीत."

थांब्यावर एसटीचा हॉर्न वाजला. तेवढ्यात आतून ज्ञानेश्वरची बोंब आयकू आली. विमलबाईले रिफ्रेश कसं करतात ते दाखवाले तो लॅपटॉपसमोर बसला होता.

"गुरुजी! हा तं पुन्हा झोपला! अरे प्रेम, इकडं ये, काय केलं होतं तू? सांग ना बे!"

प्रेमनं वळून पाह्यलं. लॅपटॉपवर टेकलेलं काकाचं मनगट, त्यात चकचकीत कायं कडं. त्यानं बाबाकडे पाह्यलं. बाबा छताच्या पंख्याकडे पाहून राह्यले होते, जसे काई तो डेडस्टॉकमध्ये कितव्या नंबरले हाय ते आठवत असतीन.

"सांगतलं असतं काका," प्रेम म्हने, "पन मले आता निघा लागते."